उशाशी लावलेला पडदा

दिवा मालवा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये कुणी दात काढले तर मी उठून जाईन. तोकुजी माझ्याच गल्लीतला, इथला ताकाओकाचाच. त्याने स्वतः मला सांगितलंय, आणि थापा मारणाऱ्यातला तो नव्हे.

गेल्या जानेवारीची अठ्ठावीस तारीख. दुपारपासून बर्फ पडत होता. तोकुजीची बायको फुसाए न्यूमोनियातून उठून नुकतीच इस्पितळातून घरी आली होती, आणि तिच्या खोलीच्या कागद लावलेल्या सरकत्या दारातून गार वारा यायचा. तोकुजी जुन्या सामानाच्या दुकानात माल पोचवायचं काम करतो. म्हणून तो मालकांकडे उशाशी उभा करायचा, लाकडी चौकटीचा घडीचा पडदा मागायला गेला. मोठे पडदे त्याच्या गाडीत मावेनात. मावला तो एकच, भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला. सोनेरी वर्खावर जुन्या दरबारातल्या तिघी बायका बसलेल्या, केस पाठीवरून पार जमिनीपर्यंत.

"हा कालच मयताच्या घरून परत आलाय," मालक म्हणाले. "थोडे दिवस जाऊ दे रे."

आपल्यात माणूस गेलं की उशाशी पडदा उलटा, खालची कड वर करून लावतात, ते काही तुम्हाला सांगायला नको. तोकुजी म्हणाला, पडद्याला काय कळतंय, आणि सुलटा करून गाडीत घातला. वारा अडला म्हणजे झालं, एवढंच त्याच्या डोक्यात. फार जीव होता त्याचा बायकोवर.

घरी येऊन त्याने पडदा उशाशी उभा केला. फुसाए खूश झाली. इतक्या वर्षांत एक दागिना आणला नाहीत आणि आज अख्खा दरबार घेऊन आलात, असं म्हणाली. तो म्हणाला, लवकर बरी हो, परत द्यायचाय. मग तिला पेज भरवली आणि तो भांडी विसळायला गेला.

परत आला तेव्हा ती डोळे वर करून बघत होती.

"अहो, या बायका उलट्या का? केस माझ्या तोंडावर येतायत."

त्याने पाहिलं. खरंच, तिघींची डोकी खाली. घाईत आपणच चुकलो असं वाटून त्याने पडदा फिरवला. पायाकडची घासून पांढरी पडलेली कड वर गेली. तरी डोकी खालीच.

पुन्हा फिरवला.

डोकी खाली...

पडदा उचलून त्याने बाहेर ओसरीवर ठेवला, दार लावलं. इकडे फुसाएला धाप लागलेली. त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी निघालीय पण बर्फात अडकलीय, म्हणाले, कधी पोचेल सांगता येत नाही. तिला बसती ठेवा. त्याने बसती केली, पाठ चोळली, पुन्हा फोन केला. तेच उत्तर.

"त्यांना आत घ्या," फुसाए म्हणाली.

"कुणाला?"

"बाहेर ताटकळल्यात हो..."

दाराचा कागद आतल्या बाजूला फुगला. वारा तर थांबला होता. तोकुजी उठला नाही. उठून करणार काय होता? तिचा हात धरून बसला. माझं आयुष्य घे, पण हिला ठेव, असं म्हणत राहिला. मोठ्याने. कुणाला म्हणतोय तेही कळत नव्हतं. हात गार होत गेला... तो चोळत राहिला...

कागद सपाट झाला.

उजाडलं तेव्हा गाडी आली. तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देवळातले भिक्षू आले. म्हणाले, उशाशी पडदा उलटा लाव. घरात दुसरा नव्हता. तोकुजीने ओसरीवरचा तोच आणला, पायाची कड वर करून उभा केला, आणि मान खाली घालून बसला.

"उलटा लाव, तोकुजी," भिक्षू हळूच म्हणाले.

"उलटाच आहे."

भिक्षूंनी वरच्या कडेवरून बोट फिरवलं. घासलेली, पांढरी. पायाचीच. मग त्यांनी चित्राकडे पाहिलं.

तिघी सरळ बसल्या होत्या. डोकी वर.