दोरीवरचा खाऊ

"सुईशिवाय सिरिंज? तीही सगळ्यात लहान?" काउंटरमागच्या तरुणाने विचारलं.

"हो."

"सुई तिच्यासोबतच येते. वेगळे पैसे नाहीत."

"तरी नको. टोचायचं नाहीये कुणाला."

मालवण एस.टी. स्टँडजवळचं ते मेडिकल. बाहेर आषाढातला पाऊस आडवा येत होता आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणून एकटी गौरजा. उजव्या हाताने ती पर्स चाचपत होती. डावा हात मात्र ओढणीची मूठ करून छातीशी धरलेला. ती मूठ हलली. तरुणाने मुठीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ओढणीत काय आहे?"

गौरजाने क्षणभर विचार केला. मग ओढणीचं टोक बोटभर उघडलं. आत गुलाबी कातडीचा, मिटल्या डोळ्यांचा जीव होता. पाठीवर तीन पट्टे पेन्सिलीने ओढल्यासारखे पुसट.

"चानी," तो हळूच म्हणाला. खारीला त्याने खार म्हटलं नाही, त्याबरोबर गौरजाचे खांदे जरा सैल झाले.

"सकाळी वाऱ्यान माडाचा चुडत पडला," ती सांगू लागली. "झावळीबरोबर घरटंही खाली. बाकीची गेली, ही एकटी रवली. दुपारपर्यंत झाडाखाली टोपलीत ठेवून वाट बघितली मी. आई परत आली नाही... आणि मांजर दोनदा येऊन गेलं."

"गाईचं दूध पाजलंत?"

"अजून नाही."

"पाजू नका. पोट फुगतं. आणि थंड पिल्लाला काहीच पाजायचं नाही. आधी ऊब द्या. मग साखर-मिठाचं कोमट पाणी, थेंब थेंब. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दूध पावडर येते, ती कुडाळहून मागवतो. उद्या मिळेल." तो थांबला. "आणि पाजल्यावर... ओल्या कापसानं... म्हणजे खालच्या बाजूला..."

"काय खालच्या बाजूला?"

"आई चाटते ना पिल्लाला... तसं पुसायचं. नाहीतर त्यांना... होत नाही." हे वाक्य त्याने खोकल्याच्या औषधांच्या रांगेकडे बघत पुरं केलं. कान लाल झाले होते.

गौरजाने हसू दाबलं. "तुम्हाला बरंच ठाऊक आहे."

"दोडामार्गाला आमची काजूची बाग आहे. बहीण जानकी पाळायची चान्या. दोन गेल्या, तिसरी जगली. ठाऊक आहे ते त्या दोघींमुळे." त्याने सिरिंजच्या कागदावर नंबर लिहिला. खाली नाव: दत्तप्रसाद. "काही वाटलं तर फोन करा."

"चानीला काही वाटलं तर, की मला?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "चानीला मोबाइल लागत नसेल, तर तुम्हीच करा." आणि ती वळल्यावर, "तुम्ही जेटीवर किल्ल्याच्या बोटीची तिकिटं देता ना?"

"मी तर तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"खिडकीतून तुम्हाला हात तेवढे दिसतात. पाहणार कशा?"

पावसात किल्ल्याच्या बोटी बंद असतात आणि जेटीवरची तिकीट खिडकीही. त्यामुळे गौरजाकडे वेळच वेळ होता. चौके गावातल्या घरी मागच्या पडवीत एक पुठ्ठ्याचा खोका आला. त्यात जुना मऊ गाऊन, गाऊनखाली गरम पाण्याची बाटली. पिल्लू जगलं. अंगावर लव आली. एका सकाळी उजवा डोळा उघडला, डावा संध्याकाळी. मधला सगळा दिवस ती एका डोळ्याने गौरजाकडे बघत होती. काजूच्या बोंडासारखी नाकाची अणी म्हणून तिचं नाव बोंडू पडलं.

दत्तप्रसादची सुट्टी गुरुवारी. पहिल्या गुरुवारी तो पावडर द्यायला आला. दुसऱ्या गुरुवारी ती संपली का बघायला. तिसऱ्या गुरुवारी कारण सांगायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. एव्हाना "तुम्ही"चं "तू" झालं होतं, आणि गौरजाच्या आईला, सुगंधाला, तो चहात साखर किती घेतो ते पाठ झालं होतं.

गौरजाला आता कुतूहलाचे दोन विषय होते. एक बोंडू. ती शेपटी झटकते ती रागाने की आनंदाने? शेंगदाणा नेमका भाईंच्या, म्हणजे वडलांच्या, चपलेत का लपवते? 'चिक चिक' करते तेव्हा कुणाला हाक मारते? दुसरा विषय दत्तप्रसाद. त्याला शेपटीची सोय नव्हती, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

"माणसाक इतक्या भियत नाय ता बरा न्हय," एकदा तो म्हणाला. बोंडू त्याच्या खिशात डोकं घालून बसली होती. "जमिनीवरचा खाऊची सवय लागली तर भायर गेल्यार मांजर खायत हिका."

"मग काय ताटात वाढू?"

"टांगून वाढ."

म्हणून शाळा सुरू झाली. पडवीच्या वाशाला त्याने दोऱ्या बांधल्या. दोऱ्यांच्या टोकांना पेरूची फोड, काकडीचा तुकडा, खोबरं. बोंडूने पहिल्या दिवशी खालीच बसून बघितलं. मग खांबावरून चढली, वाशावरून उलटी लोंबकळली आणि फोड पंज्यात घेतली. पुढे तिने गाठ कुरतडून फळ खाली पाडायचं आणि मागोमाग उडी मारायची युक्ती काढली.

"पास," दत्तप्रसाद म्हणाला. "आता वरचा वर्ग."

वरच्या वर्गाच्या गाठी मारताना बोटाला पेरूचा वास लागला होता. बोंडूने बोट आणि पेरू यांत फरक केला नाही. तर्जनीवर दोन दात उमटले, खोल.

"बघू," गौरजाने त्याचा हात ओढून घेतला. धुतला, हळद दाबली. हळद दाबायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ तिने बोट धरून ठेवलं. त्यानेही ते काढून घेतलं नाही. वाशावर बोंडू पेरू खात होती, तेवढाच आवाज.

"इंजेक्शन घेवचा लागात," ती म्हणाली.

"घेतंय. दुकानात आसा." आणि मग, "आता बरा वाटता."

"इंजेक्शनाआधीच?"

"...हां."

श्रावण संपत आला तसा सुगंधाने फर्मान काढलं. "चवथीआधी तिका भायर घाल गो. गणपती घरात येतलो आणि ही खंय चढात, काय करीत, नेम नाय."

गौरजाने दत्तप्रसादला विचारलं, "तयार आसा ती?"

त्याने बोंडूकडे बघितलं. तिने नुकतंच एक भुईमुगाची शेंग फोडून दाणा काढला होता. दोन रात्री ती पडवीत झोपलीही नव्हती, परसातल्या फणसावर होती. "अजून... थोडे दिस जावंदे," तो म्हणाला.

गौरजाने मान हलवली. चानी स्वतः शेंग फोडते, बाहेर झोपते, मांजर दिसल्यावर वर पळते, म्हणजे ती सोडायला तयार असते, हे तिला आता चांगलं माहीत होतं. त्याला तर तिच्याआधीपासून. प्रत्येक बारीक गोष्ट टिपणाऱ्या या माणसाला एवढी मोठी गोष्ट दिसू नये? की दिसत असूनही... तिने विचार अर्धवट सोडला. त्यातून एकच प्रश्न उरत होता आणि तो विचारायची तिची हिंमत नव्हती: बोंडू गेली, तर हा येईल का?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोघांनी बोंडूला फणसाखाली नेलं. पडवीचं दार लावून घेतलं, आत यायची तिची फट बंद केली. बोंडू खोडावरून सरसर वर गेली. एकदाही वळून बघितलं नाही.

"झाला," दत्तप्रसाद म्हणाला.

"झाला."

"म्हणजे आता गुरुवारी..."

"गुरुवारी काय?"

"कायच नाय." त्याने बाइकची किल्ली खिशातून काढली, परत ठेवली, परत काढली.

तेवढ्यात घरातून भाईंची हाक आली. ते माटवी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट ती. तिला नारळ, सुपारीचा घड, कवंडळं, काकडी, रानातली फळं-फुलं दोरीने बांधायची. "दत्तप्रसाद, जरा हात लाव रे. माझ्या गाठी आता सुटतत." तो आत गेला. खुर्चीवर चढून त्याने एकेक फळ टांगलं, पडवीत मारायचा तीच गाठ मारत. गौरजा खालून फळं देत होती. आपण काय करतोय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"उद्या दर्शनाक ये," भाई म्हणाले.

"येतंय."

गौरजा मनात म्हणाली, गणपतीला काय, सगळेच येतात.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. माजघरात पानं मांडली होती. दत्तप्रसाद भाईंच्या शेजारी बसला होता आणि शेजारच्या शर्मिलाकाकी त्याची गाव, घर, भावंडं अशी चौकशी करत होत्या. गौरजा मोदक वाढत होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत 'धप्' झालं.

सगळे दारात गेले. गणपतीपुढे पाटाशेजारी एक लालभडक कवंडळ गडगडत होतं. वर माटवीला बोंडू उलटी लोंबकळत होती, दोन्ही पंज्यांत काकडी धरून. कौलांतून आली होती. आणि समोर काय, तर तिच्या शाळेतली सगळ्यात मोठी परीक्षा मांडून ठेवलेली. तिने दुसरी गाठ कुरतडायला घेतली.

"गो बाय माझे," शर्मिलाकाकी पुटपुटल्या.

सुगंधाचा आवाज थंड होता. "हिका दोरयेवरचा खाऊक कोणी शिकवल्यान?"

"मी," दत्तप्रसाद म्हणाला.

"मी," त्याच क्षणी गौरजा म्हणाली.

मग भाई म्हणाले, "एकाच शाळेत दोन मास्तर होते तर."

"काकी, चूक माझी," दत्तप्रसाद सुगंधाला म्हणाला. "ती मागेच तयार झालेली. तेव्हाच सोडूक होयी होती. मीच म्हटलंय... अजून थोडे दिस..." तो थांबला. पुढचं वाक्य शर्मिलाकाकींसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"माका माहीत होता," गौरजा म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. "काय?"

"ती तयार होती, ता."

"मग बोललंस कित्या नाय?"

"तू कित्या नाय बोललंस?"

वर बोंडूने काकडी सोडली. खाली उतरून तिने मूर्तीच्या गळ्यातल्या कापसाच्या वस्त्राचं टोक तोंडात धरलं, ओढलं आणि माळेसकट भिंतीवरून वाशावर, वाशावरून कौलांबाहेर गेली. पांढरी शेपटी फुटल्यासारखी ती माळ तिच्यामागे हलत होती.

"वस्त्र नेल्यान," सुगंधा म्हणाली.

"घरटा बांधता ती," भाई म्हणाले. "तेका कापूस लागताच. गणपतीक दुसरा घाल."

सुगंधाने दुसरं वस्त्र आणलं, घातलं, नमस्कार केला. मग दत्तप्रसादकडे वळून म्हणाली, "उभो काय रवलंस? पान थंड होता." आणि बसल्यावर त्याच्या पानात न विचारता आणखी एक मोदक पडला. पण त्या भरल्या घरात तेवढंच झालं. पाहुणे येत राहिले, आणि जाताना त्याला गौरजाशी बोलायला वीतभरही जागा मिळाली नाही.

विसर्जन झालं. गुरुवार आला. गौरजाने पडवी झाडली, चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. फणसाच्या बेचक्यात कापसाचा पांढरा झुबका दिसत होता आणि त्यातून अधूनमधून एक नाक बाहेर येत होतं. दत्तप्रसाद आला नाही. फोनही नाही. चहा भाईंनी प्यायला.

उत्तर मिळालं, असं तिने स्वतःला समजावलं. चानी गेली, येणं संपलं. हिशेब सरळ होता, फक्त पटत नव्हता.

पुढच्या सोमवारी समुद्र निवळला आणि बोटी सुरू झाल्या. खिडकीपुढे रांग लागली. हात येत होते, तिकिटं घेऊन जात होते. मेंदी लावलेले, घड्याळ बांधलेले, वाळू चिकटलेले. मग एक हात आला. उजवा. तर्जनीवर दोन बारीक दातांची खूण.

"किती?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"एक."

तिने वर बघितलं नाही. "सोमवारी मेडिकल बंद आसता?"

"नाय. सुट्टी घेतलंय."

"आणि गुरुवारी, सुट्टी असान, इलंस नाय."

"गुरुवार चानीचो वार." तो अडखळला. मग एका दमात म्हणाला, "गुरुवारी इलंय असतंय तर तुका वाटला असता, चानीक बघूक इलो. चवथीक इलंय ता गणपतीक. म्हणान आज इलंय. आज चानी नाय, गणपती नाय, औषध नाय. आज नुसता... तुका बघूक."

रांगेतल्या पुणेकर बाई म्हणाल्या, "अहो, बोट सुटेल ना."

गौरजा वाकली. खिडकीच्या चौकोनातून तिला पहिल्यांदाच हाताच्या वरचा सगळा माणूस दिसला. केस वाऱ्याने विसकटलेले, कान लाल.

"किल्लो बघलंस नाय अजून?"

"पाठ झालो माका. गेल्या सीझनाक दर सुट्टीक तिकीट काढलंय. तू हात बघत होतंस."

तिने तिकिटांचं पुस्तक पुढे ओढलं आणि तसंच बाजूला ठेवलं.

"तुका तिकीट गावचा नाय."

"कित्या?"

"बोट जाता, ती बऱ्याच वेळान परत येता," गौरजा म्हणाली. त्याच्या तर्जनीवरच्या खुणेवर तिने बोट ठेवलं, हळद दाबली होती तिथेच. "तितको वेळ तू हय उभो रव. आणि जरा सरक, बाईंक तिकीट देऊंदे."