वरच्या कुरणातून परत

रसेलला खाली आणायचं, एवढ्यासाठीच ते तिघं निघाले होते.

जूनच्या सुरुवातीला रसेल स्टेनरुड आपल्या छोट्या पिवळ्या विमानातून डोंगरापलीकडच्या एका गुरांच्या वाडीवर सामान पोचवायला उडाला, आणि सॅमन नदीच्या वरच्या रांगांत कुठेतरी नाहीसा झाला. हेलिकॉप्टरं फिरली, कुत्री फिरली, गावातले लोक रानं तुडवून आले. मग एक दिवस एक अधिकारी टोपी हातात धरून त्याच्या बायकोच्या, लिनेटच्या, दारात उभा राहिला. शोध थांबवला आहे, हे त्याने तोंड उघडण्याआधीच तिला कळलं होतं.

नवरा जिवंत असेल अशी वेडी आशा तिला नव्हती. पण तो तिथे उघड्यावर पडलेला आहे, ही गोष्ट तिला जेवू देत नव्हती. उन्हाळा सरता सरता घळींतलं जुनं बर्फ वितळतं आणि नवं पडायच्या आत थोडे दिवस आयडाहोचे हे डोंगर उघडे पडतात. तेवढीच काय ती संधी.

सोबत सासरा होता, हार्लन. सत्तरी ओलांडलेला, हयात लाकडाचे ट्रक हाकण्यात गेलेली. बायको गेल्यावर त्याने घर विकलं होतं आणि तो आपल्या ट्रेलरमध्येच राहत होता. पिकअपमागे जोडलेलं ते पांढरं फिरतं घर म्हणजेच त्याचा संसार. तिसरा ड्यूई, रसेलचा जिवलग मित्र, विमानांचा मेकॅनिक, जिभेला हाड नसलेला.

जंगलखात्याचा कच्चा रस्ता ओढ्याच्या काठाने वर चढत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वरच्या कुरणापर्यंत गाडी वळवायला कुठेही जागा नाही. वळणावर ट्रेलरची चाकं पिकअपपेक्षा आतून जातात, म्हणून हार्लन गाडी दरीच्या अगदी कडेपर्यंत नेऊन मग हळूच वळवायचा. ड्यूई बाहेर डोकं काढून बघायचा.

"म्हातारबा, रस्ता डावीकडे आहे. उजवीकडे दिसतोय तो स्वर्ग."

"तुला तिकडे कोण आत घेणार आहे?" हार्लन म्हणाला.

लिनेट हसली. मग आपण हसलो याचाच तिला राग आला.

कुरण उतरतं होतं. हार्लनने पाणसळ ठेवून बघितली, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या सरकवल्या आणि ट्रेलर त्यांच्यावर चढवला. लिनेट सरळ हुकाकडे वळली तसा तो ओरडला, "थांब! आधी चाकांना पाचरी. त्या घट्ट बसल्या की मगच हुक. उलटं केलंस तर घर आपल्याआधी नदीवर पोचेल."

तिने दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी मारल्या. मग साखळ्या सोडल्या, ब्रेकची वायर काढली, पुढचा जॅक फिरवून ट्रेलरची मान पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून उचलली. शेवटी चार कोपऱ्यांना चार टेकू. हार्लनने प्रत्येक गोष्ट पुन्हा स्वतः हात लावून तपासली. एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं, हा त्याचा नियम होता.

दुसऱ्या सकाळपासून शोध सुरू झाला. पहाटे कॉफी पिऊन निघायचं, एकेक घळ दुर्बिणीने चाळायची, अंधार पडायच्या आत परत यायचं. घसरणीचे दगड, वणव्यात जळालेले पाइनचे उभे सांगाडे, त्यापलीकडे आणखी एक धार, आणि त्या धारेपलीकडे तसलीच दुसरी. एकदा एका एल्क हरणाची हाडं सापडली. एकदा गंजलेला पत्रा सापडला, तोही कुठल्या तरी जुन्या खाणवाल्याच्या चुलीचा निघाला. संध्याकाळी राजमा आणि मक्याची भाकर पुढ्यात घेऊन तिघं बसायचे. हळूहळू ड्यूईचे विनोद आटत गेले. हार्लन तर जेवतानाही खिडकीबाहेर बघत असायचा. एवढ्या मोठ्या डोंगरात एक माणूस म्हणजे किती? लिनेटला वाटायला लागलं होतं की आपण रसेलला शोधत नाही आहोत, तो सापडणार नाही याची सवय करून घेतो आहोत.

आणि मग तिला तो ठिपका दिसला.

उत्तरेच्या शिखराखाली एक अरुंद घळ होती. तिच्या वरच्या टोकाला, जुन्या बर्फाच्या कडेशी, काहीतरी पिवळं चमकलं. तिने दुर्बीण ड्यूईकडे दिली. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"शेवाळ असेल," तो म्हणाला. मग दुर्बीण खाली न करताच म्हणाला, "पण शेवाळ असं चमकत नाही."

त्याच दिवशी पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. हार्लनचे गुडघे आता चढण घेत नव्हते, म्हणून तो घळीच्या तोंडाशी थांबला. लिनेट आणि ड्यूई वर निघाले. पायाखालचे दगड सुटत होते. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं पाऊल खाली. वाऱ्यात बर्फाचे कण यायला लागले. लिनेट पुढे होती. ठिपका आता ठिपका राहिला नव्हता, हातभर दिसत होता. सरळ कड होती त्याला.

मागे दगड कोसळले. ड्यूई किंचाळला!

दोन धोंड्यांमध्ये त्याचा पाय अडकला होता, आणि नडगी जिथे वाकू नये तिथे वाकली होती. लिनेटने त्याच्याकडे बघितलं. मग वर बघितलं. अजून थोडंसंच अंतर होतं.

"जा तू," ड्यूई दात आवळत म्हणाला. "मी कुठे पळतोय?"

ती दोन पावलं वर गेलीही. तेवढ्यात ढग खाली उतरला आणि घळ पुसून गेली. ती तिथे उभी राहून रसेलला नावाने हाक मारू लागली. पुन्हा पुन्हा. मग वळली, ड्यूईचा पाय धोंड्यांतून सोडवला आणि त्याला काठ्या बांधायला घेतल्या.

कधी ओढत, कधी खांद्यावर घेत तिने त्याला घळीच्या तोंडाशी आणलं, आणि तिथून हार्लनच्या मदतीने कुरणापर्यंत. गवत पांढरं होत चाललं होतं.

"तुम्ही ड्यूईला घेऊन जा," लिनेट म्हणाली. "मी ट्रेलरमध्ये राहते. उद्या उघडलं की वर जाईन."

"उद्या उघडणार नाही. हा रस्ता एकदा बंद झाला की मेपर्यंत बंद."

"वसंतात त्या घळीतून हिमकडे कोसळतात, हार्लन. मग तिथे काही उरणार आहे का?"

"नाही उरणार."

"तो वर आहे! तुमचा मुलगा आहे तो!"

"आणि इथे कोण आहे?" हार्लनचा आवाज फाटला. "एक गेला. दुसरी मी या डोंगराला देणार नाही. टेकू उचलायला घे."

ती रडत रडत टेकू उचलत होती. गॅसची टाकी बंद केली, कपाटांच्या कड्या लावल्या, मान गोळ्यावर उतरवून खीळ घातली, साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवल्या, वायर जोडली. सगळ्यात शेवटी पाचरी काढल्या. घाईतही हार्लनने प्रत्येक जोड हाताने चाचपला. गाडी थोडी पुढे घेऊन ट्रेलरचे ब्रेक दाबून बघितले. लागत होते. ट्रेलर इथेच सोडला असता तर हिवाळ्याच्या बर्फाने त्याचं छप्पर चेपून टाकलं असतं, आणि त्याला दुसरं घर नव्हतं.

ड्यूईला मागच्या सीटवर आडवं घातलं. उतार सुरू झाला. पहिल्या गियरमध्ये इंजिन गुरगुरत होतं, बर्फाखाली रस्ता कुठे संपतो ते दिसत नव्हतं. एका वळणावर वाटेत मोडून पडलेली फांदी गाडीखालून खरडत मागे गेली, आणि डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा विझला.

"वायर तुटली," हार्लन म्हणाला. "ट्रेलरचे ब्रेक गेले."

थांबायला सपाट जागाच नव्हती. पुढचा उतार आणखी तीव्र होता. मागचं सगळं वजन आता पिकअपला ढकलायला लागलं. चाकं घसरली. ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे झुलला, मग उजवीकडे. लिनेटने आरशात बघितलं तर पांढरी भिंत शेजारून पुढे येत होती!

हार्लनने गाडी सरळ डोंगराच्या बाजूच्या कड्यात घातली.

दणका बसला. काच तडकली. सगळं थांबलं. पिकअपचं नाक मातीत रुतलं होतं आणि मागे ट्रेलर रस्त्यावर आडवा झाला होता. त्याचं एक चाक दरीच्या कडेवर होतं. आणि तो इंचाइंचाने सरकत होता, पिकअपला सोबत ओढत.

"उतर!" हार्लनचा उजवा हात लोंबत होता. "हुकाजवळ एक बारीक तार आहे. खेच ती!"

लिनेट बर्फातून गुडघ्यांवर सरपटत गेली. ट्रेलर गाडीपासून तुटलाच, तर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागावेत म्हणून ती तार असते. तिने सगळ्या जोराने हिसडा दिला. पिन बाहेर आली. ट्रेलरची चाकं करकरली आणि जागीच थबकली.

"बॅटरी फार टिकणार नाही," हार्लन म्हणाला. "दगड लाव. मग सोड त्याला."

"सोडू?"

"ड्यूई आत आहे. सोड."

तिने चाकांखाली दगड ठोकले. खीळ उपसली, जॅक फिरवला. बोटांना काहीच जाणवत नव्हतं. मान गोळ्याला धरून बसली होती. तिने पुन्हा जोर लावला. धाडकन मान सुटली! तिने साखळ्या काढल्या, स्टिअरिंगवर येऊन बसली आणि पिकअप कड्यातून मागेपुढे करत मोकळी केली. गाडी जेमतेम काही हात पुढे गेली असेल, तेवढ्यात मागे रस्त्याची कड ढासळली. भांडी, पत्रे, काचा, असा आवाज कितीतरी वेळ खालून येत राहिला.

हार्लन मागे वळला नाही. "रस्त्याकडे बघ," एवढंच म्हणाला.

गावच्या दवाखान्यात ड्यूईला आत नेलं. हार्लनचा हात बांधताना नर्सने विचारलं, "या दिवसांत तिकडे कशाला गेला होतात?"

"माझा मुलगा वारला," तो म्हणाला. लिनेटने हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

बाहेर बर्फ थांबलं होतं. डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे झाले होते, कुठली घळ कुठली ते ओळखू येत नव्हतं. हार्लन पिकअपजवळ उभा राहून मागच्या रिकाम्या गोळ्याकडे बघत होता. ही गाडी आणि अंगावरचे कपडे यांखेरीज त्याच्याकडे आता काहीच नव्हतं.

"चला, बसा," लिनेट म्हणाली.

"कुठे सोडतेस मला?"

"घरी. मागची खोली रिकामी आहे."

त्याने पिकअपचं दार उघडलं. "मी घोरतो," आत चढत म्हणाला.

"रसेलपण घोरायचा," ती म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.