दीड टक्क्यातला प्रणित

“ही साइट ज्यानं बनवलीय ना, तो एकदा माझ्यासमोर यायला पाहिजे!”

नवीन पनवेलमधल्या जीवनच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून एक उंच, सावळा तरुण तावातावानं बोलत होता. त्याच्या शेजारी स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेली मनस्वी श्वास रोखून भिंतीवरची कव्हरं बघत होती. कारण ती साइट तिनंच बनवली होती!

“फोन ठणठणीत आहे रे प्रणित,” जीवन म्हणाला. “जुना आहे, एवढंच. ‘अर्ज पाठवा’ दाबलं की ढिम्म हलत नाही, हा त्या साइटचाच लोच्या आहे.”

“आई आठ दिवस दाबतेय. बोट वाकडं व्हायची वेळ आली तिचं!”

“आगरी-कोळी वधूवर मेळाव्याची साइट... ना?” मनस्वीच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं वळून पाहिलं. “तुम्हालाही अर्ज भरायचाय?”

“नाही. ते... समोर यायला पाहिजे म्हणालात ना... ती मीच.”

जीवन खो खो हसायला लागला. प्रणितचे कान लालबुंद झाले. “सॉरी हां. म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“तसंच होतं,” मनस्वी म्हणाली आणि हसली. झालं! पोरगी अशी हसली की समजावं, काहीतरी घडणार.

आता तिचा गुन्हा काय, तेही ऐका. मनस्वी विचुंब्याची. जवळच तीन माणसांच्या एका छोट्या कंपनीत साइट बनवायचं काम करायची. मेळाव्याचा अर्ज तिनं अगदी नव्या पद्धतीनं बांधला होता. नव्या ब्राउझरला तो कळे, जुन्याला कळत नसे. तिचे साहेब, स्वानंद सर, यांनी तिला आधीच एक तक्ता दाखवला होता. लोक कोणत्या ब्राउझरमधून इंटरनेट बघतात, त्याचा. जवळजवळ सगळे नव्यावर. जुन्यांचा वाटा दीड टक्का.

“दोन टक्क्यांच्या खाली गेलं की विषय संपला,” सर म्हणाले होते. “दीड टक्क्यासाठी कोण डोकं फोडून घेणार?”

दुकानातून निघून त्याच संध्याकाळी तो दीड टक्का तिच्या ऑफिसात, टेबलासमोर बसला होता. आईचा फोन शर्टाच्या बाहीला पुसून, मगच त्यानं तिच्या हातात दिला. मनस्वीनं पाहिलं आणि दहा मिनिटांत तिला दोष सापडला. दुरुस्ती जेमतेम अर्ध्या तासाची.

“होईल का?” त्यानं विचारलं.

“जरा... अवघड दिसतंय,” ती म्हणाली. “परवा याल?”

असं का म्हणाली? देव जाणे! तिलाही ठाऊक नव्हतं.

तो परवा आला. मग पुन्हा परवा. घर उरणजवळच्या मोऱ्याला, नोकरी जासईच्या कंटेनर यार्डात. ड्युटी सुटली की घर एकीकडे आणि पनवेल दुसरीकडे. तरी आपला यायचा. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. मध्येच तो खिशातून स्वतःचा नवा मोबाइल काढून वडिलांच्या होडीचे फोटो दाखवायचा.

“मुलगी कशी हवी म्हणून लिहिणार आहात?” तिनं एकदा सहजच विचारलं. सहज कसलं, दुपारपासून घोकत होती.

“आई लिहिणार. मी काय सांगणार?”

“तरी...”

“चिडल्यावर हसणारी,” तो म्हणाला आणि चहात बघत बसला.

मनस्वीचं काळीज लक्कन हललं. घरी जाऊन मात्र ती रडकुंडीला आली. बटण दुरुस्त केलं की याचा अर्ज जाणार. मेळाव्याला शेकडो मुली येणार. शिकलेल्या, देखण्या, नटूनथटून... आणि त्याच्या आईला त्यातली एक पसंत पडणार. नाही दुरुस्त केलं, तर? तर तो येत राहील. पण मग आपण कोण ठरलो? कुणाच्या लग्नाच्या आड येणारी लबाड बाई? जेवताना घास फिरायला लागला. “ताप आहे का गं?” म्हणून आईनं कपाळाला हात लावून बघितला. स्वतःला समजवायला तिच्याकडे एकच आधार होता: सरांनीच तर सांगितलंय, दीड टक्का सोडून दे. माझं काय चुकलं?

बुधवारी मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या शोभाताईंचा फोन आला. “मनस्वी, शनिवारी सहाला नोंदणी बंद. उरणच्या बाजूचे अर्ज अगदीच थोडे गं. दरवर्षी किती उत्साह असतो तिकडे!”

उरण म्हणजे प्रणितचीच बाजू! सरांचा तक्ता साऱ्या जगाचा होता. आपल्या साइटवर कोण येतं, ते तिनं एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. आता उघडलं. जुने ब्राउझर, बावीस टक्के! त्यातल्या त्रेसष्ट जणांनी अर्ज उघडला होता. पाठवला गेलेला, शून्य.

ती सुन्न झाली. साधी गोष्ट होती हो! घरात नवा मोबाइल येतो तो पोरांना. जुना आईच्या हातात जातो. आणि लग्नाचा अर्ज कोण भरतं? आईच की! त्रेसष्ट आया बोट दाबदाबून थकल्या, आपल्यालाच जमत नाही असं समजून गप्प बसल्या, आणि आपण इथे एका मुलाबरोबर चहा पीत बसलो. मनस्वीला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“सर, जगाच्या आकड्यांवर आपण आपली माणसं सोडली,” ती स्वानंद सरांसमोर उभी राहून म्हणाली. “आणि दोष मला आधीच सापडला होता. मी मुद्दाम थांबले.”

सरांनी साइटचे आकडे पाहिले. खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, “बस. आधी दुरुस्त कर. कान नंतर उपटतो.”

पस्तीस मिनिटांत बटण चालू झालं. तिनं शोभाताईंना कळवलं, माफी मागितली. मग प्रणितला मेसेज केला: झालं. आईंना सांगा, शनिवारी सहापर्यंत अर्ज पाठवा.

उत्तर आलं, “ओके.”

बस्स! दोन दिवस नुसतं ओके. परवा नाही, चहा नाही. मोऱ्याहून, करंज्याहून, जासईहून अर्ज धडाधड येऊ लागले. प्रत्येक नावाला तिचं काळीज तोंडाशी यायचं, हाच असेल का? शनिवारचे साडेपाच झाले तरी त्याचं नाव नव्हतं. म्हणून हायसं वाटावं, तर तेही वाटेना. बटण परत बिघडलं की काय, या धास्तीनं तिनं ते चारदा तपासलं.

पावणेसहाला दार उघडलं. प्रणित, आणि पुढे ठसक्यात चालणारी, केसांत अबोली माळलेली त्याची आई. गुणाबाई.

“तूच गो ती कम्प्युटरवाली? घे. आमी पूर्न भरलाय. हा दाबू म्हनतोय, दाबत नाय. चल, तुज्यासमोर दाबतंय.”

गुणाबाईंनी अंगठा उचलला.

“नको!”

दोन आवाज एकदम आले. एक मनस्वीचा. दुसरा प्रणितचा.

गुणाबाईंचा अंगठा तसाच हवेत राहिला. “काय झाला?”

“आई...” मनस्वी खुर्चीतून उठली. आता सांगायचंच. काय व्हायचं ते होऊ दे. “हे अर्ध्या तासाचं काम होतं. मी बारा दिवस लावले. मुद्दाम. अर्ज गेला असता, तर... हे परत आले नसते इकडे. माझं चुकलं. तुम्ही दाबा आता. माझं ‘नको’ ऐकू नका.”

तिला मान वर करवेना. प्रणित एक पाऊल पुढे आला.

“आये... माझ्या मोबाइलवर चालत होता. पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी घरी जाऊन भरून बघितला, सरळ जात होता. मीच पाठवला नाही.”

मनस्वीनं झटकन वर पाहिलं. तो नवा मोबाइल! होडीचे फोटो दाखवायचा, तो! त्यावर अर्ज चाललाच असता. ब्राउझर हेच जिचं पोट, तिच्या हे डोक्यातही येऊ नये? प्रेमात माणूस मठ्ठ होतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

“मग... ओके का नुसतं?” ती पुटपुटली.

“तुम्ही ‘झालं’ लिहिलंत. मला वाटलं... तुम्हीच माझ्यापासून मोकळ्या झालात.”

“अरे देवा!” ती रडता रडता हसली. त्यानं खिशातून रुमाल काढला, पण द्यायचं धाडस होईना. शेवटी टेबलावर तिच्या हातापाशी ठेवला, आणि बोटं तिथेच राहिली. तिनं ती बाजूला केली नाहीत.

गुणाबाई कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे पाहत होत्या.

“म्हंजे ही मुद्दाम करत नाय, तू मुद्दाम सांगत नाय, आनि मी येडी दिवसभर बटान दाबतंय!” त्यांनी फोन पिशवीत टाकला. घड्याळात सहाला पाच कमी होते. “कंच्या गावची गो तू?”

“विचुंब्याची.”

“आयशीचा नंबर दे. कागदावर लिवून दे हां. तुमच्या दोघांच्या मोबाइलवर आता माजा काय बी इस्वास नाय!”