या जेवायला

हे ऐकीव नाही. माझ्या मावसबहिणीवर ही वेळ आली, आणि त्यातलं थोडं मी स्वतः पाहिलं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त घराचा पत्ता विचारू नका.

गाव कोल्हापूर. मागच्या वर्षीचा डिसेंबर. बुधवारची संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

बहिणीचं नाव वर्षाराणी. नवऱ्याचा मार खाऊन शेवटी ती अंगावरच्या कपड्यांनिशी सासरहून निघाली होती. सोबत लहानगी लेक, ईश्वरी. भावाकडे राहायची आणि कागलच्या एमआयडीसीत कामाला जायची. सासरच्यांनी पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात दावा लावला होता. वकिलांनी स्पष्टच सांगितलं, बाई, स्वतःचं बिऱ्हाड दाखवा. भावाच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकणाऱ्या आईला पोर मिळणं अवघड आहे.

म्हणून ती घर शोधत होती. शोधत कसली, दारोदार भीक मागत होती.

शिवाजी पेठेत पहिला प्रश्न, नवरा कुठाय? राजारामपुरीत, घरी कोण कोण येणार-जाणार? एका बाईनं तर चहा पाजून तिची सगळी कहाणी काढून घेतली आणि मग नाही म्हटलं. वर्षाराणी त्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहून रडली.

शेवटी ई वॉर्डात, शाहूपुरीच्या मागच्या बाजूला एक फ्लॅट मिळाला. इमारतीत सगळ्या जातीधर्माची माणसं. तळमजल्यावर मुसलमान शिंप्याचं कुटुंब, वरच्या मजल्यावर सिंधी आजोबा, समोर निपाणीकडचं कानडी बोलणारं बिऱ्हाड. मालक अण्णासो जैन, तेही तिथंच राहायचे. त्यांनी नवऱ्याचं विचारलंच नाही. अट एकच, घरात मटण-अंडी शिजवायची नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला ही जन्मठेपच. पण वर्षाराणीनं तांबड्या रश्श्यावर तिथल्या तिथं पाणी सोडलं.

किल्ली देताना अण्णासोंची बायको, राजमतीकाकू, हळूच म्हणाल्या, "जेवताना दार लावून घेत जा."

मांजरं येत असतील, असं हिला वाटलं.

आणि पहिल्याच संध्याकाळी, त्या बुधवारी, ती विसरली.

कामावरून येऊन तिनं घाईनं पिठलं टाकलं. मिरचीचा ठसका उठला, म्हणून दार उघडं ठेवलं. मायलेकी जमिनीवर जेवायला बसल्या.

बाहेर चपला वाजल्या. कोल्हापुरी चपला करकरतात, तशा.

दारापाशी येऊन थांबल्या...

वर्षाराणी लेकीला भाकरी कुस्करून देत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "या जेवायला."

आपण सगळेच म्हणतो. ताटावर असताना कुणी दारात आलं की ते तोंडातून निघतंच. समोरचा "जेवा, जेवा" म्हणतो आणि पुढं जातो. खरंच कुणी येऊन बसत नाही.

उत्तर आलं नाही.

चपला काढल्याचा आवाज आला. एक... मग दुसरी.

तिनं वर पाहिलं. दारात कुणी नव्हतं. बाहेर चपलाही नव्हत्या.

ईश्वरी मात्र आपलं ताट ओढून घेऊन बाजूला सरकली. शेजारी एका माणसाची जागा झाली.

दुसऱ्या दिवसापासून वर्षाराणी आठवणीनं दार लावू लागली. पण आत आलेल्याला दार लावून काय उपयोग?

टोपलीतली भाकरी कमी व्हायची. भरून ठेवलेला तांब्या रिकामा मिळायचा. जेवण झाल्यावर, जिथं कुणीच बसलं नव्हतं तिथं, हात धुतल्यासारखी फरशी ओली असायची...

एवढंच असतं तर तिनं सोसलं असतं. घर मिळालं होतं. तिला बाकी काही नको होतं.

पण ईश्वरी जेवेना.

"खा की गं," म्हटलं तर पोर म्हणायची, "आधी आजीचं होऊ दे."

पाहुणा जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हे वर्षाराणीनंच तिला शिकवलं होतं. आणि या पाहुणीचं जेवण काही संपत नव्हतं. वर्षाराणी मीठ घ्यायला वळायची, परत बघायची तर ईश्वरीचं ताट स्वच्छ. पोरीची बोटं कोरडी.

मग शाळेतून बाईंचा निरोप आला. पोरीला रोज रिकामा डबा का देता?

वर्षाराणीनं तो डबा सकाळी स्वतः भरला होता.

नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या पायावर लेकीला घातलं. फरक पडला नाही. ईश्वरीची हाडं दिसू लागली. आणि त्यातच वकिलांचा फोन आला, कोर्टाकडून एक बाई घर आणि पोर बघायला येणार आहेत. पोर अशी दिसली तर सगळं संपलं. घर बदलायचं म्हटलं तर दुसरं देणार कोण?

ती राजमतीकाकूंकडे गेली. काकूंनी तिचं सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

"तू बोलावलीस व्हय तिला?"

मग त्यांनी सांगितलं. झुंबरबाई नावाची एकटी म्हातारी त्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायची. दिवेलागणीला जिन्यात येऊन उभी राहायची. सगळी दारं तिला या जेवायला म्हणायची, आणि ती जेवा जेवा म्हणायची. ती उपाशी आहे हे कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"आम्ही पण म्हणत हुतो की," काकू म्हणाल्या. "आता ती आलीया, तर पावण्याला ऊठ कसं म्हणायचं?"



त्या संध्याकाळी वर्षाराणीनं दोन ताटं वाढली. ईश्वरी नेहमीसारखी बाजूला सरकली. वर्षाराणी त्या मोकळ्या जागेपुढं हात जोडून बसली. ती घाबरली होती, पण त्याहून जास्त ती थकली होती.

"आजी, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं ताट सोडा. माझ्यात जेवा. मी कधीच न्हाय म्हणणार न्हाय."

बराच वेळ काही झालं नाही.

मग तिच्या उजव्या कुशीला गारवा लागला... कुणीतरी खेटून बसल्यासारखा.

ईश्वरीनं घास घेतला. मग दुसरा घेतला.

कोर्टाच्या बाई आल्या तेव्हा पोरीच्या गालावर मांस चढलं होतं. काही महिन्यांनी निकाल लागला. लेक आईकडेच राहणार.

पेढे घेऊन मी गेले. वर्षाराणीला पाहून पेढे हातातच राहिले. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. माझ्यासमोर तिनं भाकऱ्यांमागून भाकऱ्या खाल्ल्या, आणि पोटाला हात लावून म्हणाली, भूक लागलीये.

घर सोड म्हणून मी तिच्या हातापाया पडले. ती मान हलवत राहिली. शब्द दिलेला आहे, ती कुठंही मागं येईल, म्हणाली. मग ईश्वरीची बॅग माझ्यापुढं ठेवली. आधीच भरून ठेवली होती.

"हिला तुझ्याकडं ने."

जिच्यासाठी एवढी वणवण केली तिलाच?

"मी हाय तवर ती माझ्या ताटात हाय," वर्षाराणी म्हणाली. "मी गेल्यावर कुणाच्या ताटात बसंल? तवा ही हितं नको."

ईश्वरी आता आमच्याकडे असते. सासरच्यांना कळलं तर ते उद्या कोर्टात जातील, म्हणून आम्ही कुणाला सांगत नाही. पोर पोटभर जेवते. आईशी फोनवर बोलते, उजेड आहे तोवरच.

गेल्या आठवड्यात मी वर्षाराणीला डबा घेऊन गेले. तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, उंबऱ्यावर ठेव आणि जा. आत ये म्हणणार नाही मी तुला.

मी डबा ठेवला आणि जिना उतरू लागले. वर दार उघडलं, डबा आत गेला. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, आणि जेवण्याचा...

जेवणारं माणूस एकच नव्हतं.

घरी आल्यावर ईश्वरीनं विचारलं, "आई जेवली का?"

मी हो म्हटलं. ते खरं होतं की खोटं, मला अजून ठरवता येत नाही.