कापडाविना चाललेली मशीन

दोन हजार सहाचा उन्हाळा, मोहफुलं गळायचे दिवस. आलापल्लीच्या लाकूड डेपोसमोर बाबूभाईंचं शिलाईचं दुकान. एका दुपारी बिलाल तिथं शिरला, हातात काडेपेटीएवढी डबी घेऊन. मशीनवर बसलेल्या त्यांच्या लेकीनं, उमेरानं, मान वर न करताच विचारलं, माप द्यायचं आहे का.

"माप नाई... तुमची मशीन पाह्यजे. थोडे दिवस."

आता मात्र तिनं मान वर केली. चंद्रपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला हा पोरगा डेपोतल्या सागवानाची चोरी थांबवायला आला होता. डबी ओंडक्याला चिकटवायची. कुणी ओंडका हलवला की त्या हादऱ्यातूनच तिला वीज मिळणार, ना सेल ना वायर, आणि बिनतारी इशाऱ्यानं डेपोच्या खोलीत दिवा लागणार. पण आधी तिला पारखायला रोज थरथरणारं काहीतरी हवं होतं.

"म्हंजे मी शिवीन तवा तुमच्याकडे दिवा लागन?"

"लागन."

"आन् थांबली तर?"

"तर मी... वाट पाहीन."

बोलून तो कानापर्यंत लाल झाला, आणि उमेराच्या हातून सुई तुटली. बाबूभाई म्हणाले, डबी चहा मागत नसेल तर राहू दे बापडी.

डबी मशीनला चिकटली आणि मग काय, खेळच सुरू झाला. इकडे तिनं पाय मारला की तिकडे डेपोच्या खिडकीत बिलालचा हात वर व्हायचा. तिनं थांबावं, हसावं, पुन्हा पाय मारावा... पुन्हा हात! हातात शिवण नसलं तरी मशीन चालू लागली. खरं तर कापडाविना मशीन चालवली की कापड पुढे सरकवणारे खालचे दाते घासून झिजतात, शिलाईवाल्याच्या घरात हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. शेजारी काजं करत बसलेल्या बाबूभाईंनी सुईखाली पाहिलं. कापड नव्हतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

तशात वरोऱ्याहून उमेराला मागणं आलं. शुक्रवारी पाहुणे येणार. घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? बिलालनं तोंडानं कधी काही म्हटलंच नव्हतं. खिडकीतल्या हातावर कुणी मागणं मोडतं का? तिला त्याचा राग आला, स्वतःचाही आला. शुक्रवारी सकाळी तिनं मशीनवर कापड टाकलं आणि पडद्याआड जाऊन बसली.

दुपार व्हायच्या आत बिलाल दारात हजर. हातात पेचकस, चेहरा उतरलेला. डबी बिघडली का, म्हणून विचारत होता.

"डबी ठीक हाय," बाबूभाई म्हणाले. "पोरगी थांबली. आज तिले पाह्याले पाहुणे येऊन राह्यले."

बिलालनं पेचकस खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"चाचा... डबी पारखून तर पहिल्याच हप्त्यात झाली होती. मी उमेरासाठी थांबलो होतो. मले तिच्यासंगं निकाह कराचा हाय. तिची मर्जी असन तर उद्याच अम्मी-अब्बाले घेऊन येतो."

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या.

"वरोऱ्यावाल्यांले म्या कालच नाई सांगून धाडलं," बाबूभाई शांतपणे म्हणाले. "तू येतं का नाई, तेवढंच पाहून राह्यलो होतो. तिची मर्जी मशीनीनं सांगतली मले. दाते पुरे घासाच्या आधी निकाह लावून टाकतो."

उमेरा पडदा सारून बाहेर आली. बिलालकडे तिनं पाहिलं नाही, पण हसू काही लपलं नाही. मशीनवर टाकलेलं कापड काढून तिनं तेच सुईखाली सरकवलं आणि पाय मारला. समोर डेपोच्या रिकाम्या खोलीत दिवा लागला. तो पाहायचं सोडून बिलाल इथंच उभा होता.