बिननावाचं बाड

“कुणीतरी माझी थट्टा चालवली आहे, घारूताई!” प्रकाशिकाबाईंनी हस्तलिखिताचं बाड टेबलावर आदळलं.

घारूताई म्हणजे घाऱ्या डोळ्यांच्या, भल्याभल्यांच्या पोटातलं ओठावर आणणाऱ्या खासगी गुप्तहेर. सोबत नेहमीप्रमाणे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते त्यांच्या मागे मागे फिरत आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

प्रकाशन दोन खोल्यांचं. बाईनं बाईवर केलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या इथून निघत. वशिला नको म्हणून बाईंनी एक नियम केला होता: कागदांवर नाव नाही, नाव बंद पाकिटात, आणि पाकीट फोडायचं ते निर्णय झाल्यावरच.

“याच्यासोबत पाकीटच नाही. टपालाचं तिकीटही नाही. काल कुलूप काढलं, तर हे टेबलावर हजर! आणि गोष्ट कुणाची? माझी! तरुणपणी छापखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी छपाईचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. एक पान ती घ्यायची, एक मी. शाईनं बोटं काळी झाली की एकमेकींची पुसायचो...” बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. “घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. ती बसमध्ये चढली ती वळूनसुद्धा न बघता. बस सुटली आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. चप्पल हातात घेऊन रडत घरी आले. आजवर कुणापाशी बोलले नाही. आणि इथं शेवटच्या पानावर ती चप्पल!”

“शेवटच्या?”

“पुढचं प्रकरणच नाही. बस सुटते आणि बाड संपतं. मी अजून कुणाला वाचायला दिलेलं नाही.”

घारूताईंनी पानं चाळली. प्रत्येक पान पूर्णविरामापाशी संपत होतं. काही तर अर्धी कोरी होती.

“काय ही कागदाची उधळपट्टी!” मास्तर हळहळले.

किल्ल्या बाईंखेरीज दोघांकडे. भाची संपादनाचं बघायची. “मावशी मला हात लावू देत नाही. असं आहे तरी काय त्यात?” ती फुरंगटून म्हणाली.

“हिनंच लिहिलंय,” मास्तर कुजबुजले. “चेहरा सांगतोय.”

मग बाइंडरकाका आले. जुन्या छापखान्यापासूनचे सोबती. बोटांची खळ पुसत म्हणाले, “मी काय लिहिणार? मला चार ओळींचं पत्र जड जातं. पण बाई, अपुरं आहे म्हणून परत नका हो करू.”

घारूताई हसल्या. “काका, अपुरं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाड तुम्हीच ठेवलंत ना?”

काकांनी मान खाली घातली.

“म्हणजे काकांनीच लिहिलं!”

“दम धरा, मास्तर. एकच मजकूर दोघींनी वाटून जुळवायचा, तर वाक्य दोन पानांत तुटून कसं चालेल? म्हणून खिळे जुळवणारीचा हात पूर्णविरामाशी पान संपवतो. काका बांधणीतले. आणि ओसाड स्टँडवरची चप्पल दिसणार कुठून? सुटलेल्या बसच्या मागच्या काचेतून. बाई, तिनं वळून पाहिलं होतं.”

प्रकाशिकाबाई मटकन खुर्चीत बसल्या. आयुष्यभर उराशी धरलेला राग आता ठेवायचा तरी कुठं? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“मग... पाकीट का नाही घातलं तिनं?”

“म्हणाली, नाव वाचून ओळखलं तर त्यात काय मिळवलं?” काका हळूच म्हणाले. “नाहीच ओळखलं, तर बाड गुपचूप परत आणा, मी पुन्हा या गावात यायची नाही.”

“आणि शेवटचं प्रकरण?”

“ते मी एकटी कसं लिहू, म्हणाली. समोर चहाच्या दुकानात बसलीय. कालपण बसली होती.”

बाई ताडकन उठल्या. टेबलाखाली वाकल्या, दाराशी गेल्या, परत आल्या. “अगं, माझ्या चपला! कुणी नेल्या माझ्या चपला?”

“पायातच आहेत, बाई,” मास्तर म्हणाले.

त्यांचा हा पहिलाच तर्क बरोबर निघाला. पण ऐकायला बाई होत्या कुठं? त्या केव्हाच रस्त्यापलीकडे पोचल्या होत्या.