आत कोणी आहे का?

मे महिन्यातली दुपार. देवासच्या टेकडीखालच्या मराठी वाचनालयाची किल्ली घ्यायला रुचा नलिनीमावशींकडे गेली, तेव्हा तिला फक्त एका गोष्टीची घाई होती. रविवारी वाचनालय चालवणाऱ्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती आणि सचिव यशवंतराव वाचनालयाची खोली केटररला द्यायला निघाले होते.

"पढता कौन है, बेटा? त्या खोलीत आहे कोण?" असं ते भर सभेत म्हणाले होते. त्यावर रुचा ताडकन उठली होती. सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर घेते, म्हणाली. सोनकच्छसारख्या लांबच्या गावाहून कोणी फोन केला तरी पुस्तक क्षणात सापडेल.

अडलं होतं एकाच जागी. डेटाबेसचा जो तयार प्रोग्राम मिळाला होता, त्याला देवनागरी कळत नव्हती. त्याचा मूळ कोड एका मासिकाच्या सीडीवर होता. त्याच्या सेटिंग हव्या तशा बदलून तो नव्याने कंपाइल करायचा, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवायचा, एवढाच मार्ग होता.

नलिनीमावशींनी उभी हयात त्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "कुलूप लावण्याआधी हाक मार हो. 'आत कोणी आहे का?' जरा थांब. मगच कुलूप."

"मावशी, मी एकटीच तर असणार."

"आमचे रोजचे वाचक विश्वासरावही एकटेच होते गं." मावशींचा आवाज खाली आला. "रुमालावर निलगिरीचं तेल घेऊन कपाटांमागच्या बाकावर बसायचे. वाचता वाचता डोळा लागला. कुणी पाहिलं नाही, कुलूप लागलं. दुसऱ्या दिवसापासून मोठी सुट्टी... दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते, बोटांची सालं निघाली होती. ठोठावून ठोठावून."

रुचाला भीती वाटली नाही, संताप आला. "आणि त्यानंतर आतून उघडणारं कुलूप कुणी बसवलं नाही? हाक मारायची प्रथा पाडली फक्त. धन्य आहे!"

खोलीत जुन्या कागदाचा आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. तिने सेटिंग लिहिल्या: देवनागरी हवी, नको ते भाग वगळ, कोड इथे ठेव. मग तपासणी सुरू केली. कंपाइल होण्याआधी तपासणीची स्क्रिप्ट मशीनला एकेक गोष्ट विचारते आणि उत्तर शेजारी छापते. कंपायलर आहे का... हो. अमुक फाइल आहे का... नाही. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत राहिल्या. वेळ लागणार होता. रुचा कोपऱ्यावर चहा प्यायला गेली. जाताना कुलूप लावलं. हाक मारली नाही. मुद्दामच.

परतली तेव्हा खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास भरला होता.

पडदा एका ओळीवर थांबला होता.

आत कोणी आहे का...

पुढे काही नाही. त्या मशीनवर देवनागरीचा एक फॉन्टसुद्धा नव्हता. तो ती सगळ्यात शेवटी टाकणार होती. रुचाने तपासणी तोडली, सेटिंग पुन्हा लिहिल्या, पुन्हा सुरू केली. इंग्रजी ओळी सरकल्या... आणि त्याच जागी थांबल्या. आत कोणी आहे का...

कपाटांमागे लाकडावर कुणीतरी बोटाने वाजवलं. हलकेच. मग पुन्हा.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावत थांबला. बाहेरच्या दुकानांतले कूलर गप्प झाले. पडदा मात्र तसाच उजळलेला होता.

रुचाच्या तोंडाला कोरड पडली. पण त्याच कोरड्या तोंडाने ती ओरडली, "काका, मला घाबरवून काय मिळणार आहे? ही खोली केटररची झाली, तर तुमच्या बाकावर पातेली रचतील! मग ठोठावत बसा!"

वाजणं थांबलं.

"तिकडे ते विचारतात, खोलीत आहे कोण? मी सांगते. विश्वासराव काका आहेत. मी पण आहे. आणि इथून कोणी हलणार नाही!"

पडद्यावर त्या ओळीपुढे शब्द उमटला: हो.

मग भराभर ओळी धावू लागल्या. वीज नव्हती. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती. तरी कोड कंपाइल होत राहिला, शेवटपर्यंत. रुचा खुर्चीवरून उठली नाही.

रविवारपर्यंत रुचाने फॉन्ट टाकून सगळ्या पुस्तकांच्या नोंदी चढवल्या. बैठकीत यशवंतरावांनी स्वतः एका पुस्तकाचं नाव सांगितलं. रुचाने ते मराठीत टाइप केलं आणि कपाट, खण, सगळं पडद्यावर आलं. ते चष्मा पुसत राहिले. "चलो, मान गए बेटा. खोली राहू दे." केटररचा विषय तिथेच संपला.

सगळे पांगल्यावर रुचा आणि नलिनीमावशी दाराशी उरल्या. कुलूप नवं होतं, आतून उघडणारं. रुचाने भांडून बसवून घेतलेलं. हाकेची आता गरज नव्हती. तरी मावशींच्या समाधानासाठी तिने अंधारात तोंड घालून हाक मारली.

"आत कोणी आहे का?"

निलगिरीचा वास आला. मग कपाटांमागून उत्तर आलं, स्पष्ट, कोरड्या तोंडाचं... रुचाच्याच आवाजात.

"मी पण आहे. इथून कोणी हलणार नाही."

मावशींनी रुचाचं मनगट पकडलं आणि कितीतरी वेळ त्या तिची नाडी लागते का ते चाचपत राहिल्या.